ढब्बी ऑफ-स्केल

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. सकाळी ९.४०

अँटिबॉडी आली! टीव्हीच्या खोक्याएवढं थर्माकोलचं खोकं, त्यात बर्फ, बर्फात पिशवी, पिशवीत पिशवी, आणि शेवटी नखाएवढी कुपी. आत दोन थेंब. आरोही म्हणाली, एवढंच? ही लॅबमधली नवी मुलगी. पीएचडीचं पहिलं वर्ष, प्रश्न फार. तिला म्हटलं, मोठ्या गोष्टी लहानच दिसतात. तिने वहीत लिहून घेतलं नाही.

म्हातारपणी विसरलो तर असावं म्हणून लिहून ठेवतो. डुकराच्या फुप्फुसात एसपी-डी नावाचं एक प्रथिन असतं. आत शिरलेल्या जंतूंना ते धरतं. फुप्फुस दुखावलं की ते रक्तात झिरपतं. ही अँटिबॉडी नेमकी त्या प्रथिनालाच चिकटते. म्हणजे डुक्कर खोकायच्या आत त्याचा आजार मला कळणार. डुकराला कळायच्या आधी.

माझं प्रेझेंटेशन २८ मार्चला. पीएचडीची पाच वर्षं संपली, मुदतवाढ दोनदा झाली. मेधा मॅडम (माझ्या गाईड, बोलतात कमी, चष्म्यावरून बघतात जास्त) म्हणाल्या, या वेळी समितीला ठोस निकाल दाखवला नाहीस तर फेलोशिप बंद. मग गाशा गुंडाळून बार्शी. बार्शीला वडिलांचं झेरॉक्सचं दुकान आहे. मशीन शिकायला कधी येतोस, असं ते दर रविवारी विचारतात.

संकल्प: उद्यापासून पहाटे पाच. व्यायाम, मग लॅब.

४ फेब्रुवारी. सकाळी ८.५०

थंडी. व्यायाम संध्याकाळी.

४ फेब्रुवारी. संध्याकाळी ७

व्यायाम सकाळीच करावा, असं आता विज्ञानच सांगतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

लॅबमध्ये दिवसभर वीज नाही, दुरुस्तीसाठी दर आठवड्याला जाते तशी. गुरुवार. जनरेटर फक्त फ्रीजना, माणसांना नाही. म्हणून अतुलच्या शेडवर गेलो.

शेड चांदे गावाच्या बाहेर, पासष्ट डुकरं. अतुल पूर्वी आयटीवाल्यांची कॅब चालवायचा. आता तो आणि त्याची बायको मोनिका मिळून वराहपालन करतात. म्हणजे मोनिका करते आणि अतुल त्याबद्दल बोलतो. आमच्या लवळ्याच्या कॅम्पसमधल्या मेसचं उरलेलं अन्न मी त्यांना मिळवून दिलंय, रोज दोन पिंपं. बदल्यात डुक्कर कापलं की फुप्फुसं माझी. हॉस्टेलच्या पोरांनी टाकलेला पास्ता डुकरं बोटं चाटून खातात. म्हणजे बोटं असती तर. प्रयोगशाळा आणि समाज यांना असं जोडणारा माणूस मुळशी तालुक्यात तरी मी एकटाच असेन.

ढब्बी नावाची एक मादी आहे. काळीभोर, पाठीवर पांढरा पट्टा, आकार नावाप्रमाणे. माझ्या तोंडावर शिंकली. मोनिका म्हणाली, भुश्श्याची धूळ हाय, सर, सगळीच शिंकत्यात. मला वेगळी शंका आली. शास्त्रज्ञ आणि सामान्य माणूस यांत फरक राहणारच.

८ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ११

पहिली प्लेट लावली. प्लास्टिकची वहीएवढी प्लेट, तिच्यात शहाण्णव बारीक खळगे. खळग्यात डुकराच्या फुप्फुसाचं धुवण. त्यावर माझी अँटिबॉडी. त्यावर आणखी एक अँटिबॉडी, तिला आम्ही सेकंडरी म्हणतो. ती पहिलीला धरते आणि रंग आणते. खळगा पिवळा झाला म्हणजे प्रथिन सापडलं. जितका गडद तितकं जास्त.

आरोहीने विचारलं, दादा, कंट्रोल कुठेय? म्हणजे काही खळग्यांत पहिली अँटिबॉडी घालायचीच नाही, बाकी सगळं तसंच करायचं, आणि तिथे रंग येत नाही ना ते बघायचं. मी म्हटलं, ज्यात काही घालायचंच नाही त्यासाठी चार खळगे कशाला घालवू? ती म्हणाली, रंग आला तर कळेल म्हणून. म्हटलं, येणार नाही. ती म्हणाली, मग बघायला काय हरकत आहे?

नव्या पिढीत श्रद्धाच नाही. शिवाय दादा म्हणते.

८ फेब्रुवारी. दुपारी ३.१५

पिवळा!!! चांगल्या फुप्फुसांचे खळगे फिकट, डागाळलेल्यांचे गडद. हळद शिंपडल्यासारखी प्लेट. फोटो काढले, सत्तावीस.

९ फेब्रुवारी, रविवार

आलेख काढला. पाच रंगांत. वडिलांना फोन करून सांगितलं की पिवळा आला. ते म्हणाले, आपल्या मशीनवर पण येतो, कार्ट्रिज संपत आलं की.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मॅडमनी आलेख पाहिला. चष्म्यावरून मला पाहिलं. म्हणाल्या, कंट्रोल? म्हटलं, चालू आहे. हे खोटं नाही. मनात चालूच आहे.

संकल्प: पुढच्या प्लेटला कंट्रोल. नक्की.

१५ फेब्रुवारी, शनिवार

नमुने अठ्ठेचाळीस, प्रत्येकी दोन खळगे, झाले बरोबर शहाण्णव. कंट्रोलला जागाच उरली नाही. मी काय करणार, गणित आहे.

पुन्हा पिवळा. पुन्हा सुंदर.

१७ फेब्रुवारी, सोमवार

घरमालक हैबतराव वर आले. माणमध्ये त्यांच्या बारा खोल्या, अकरांत आयटी आणि एकीत मी. जिथे पूर्वी त्यांची ज्वारी होती तिथे आता माझी मोरी आहे. म्हणाले, तुमी डुकराचं डॉक्टर, तर आमच्या उरल्यासुरल्या हरभऱ्यात रानडुकरं शिरत्यात, तेवढं बगा की. समजावलं की माझं काम अतिसूक्ष्म पातळीवर चालतं. डोळ्यांना दिसत नाही ते मी शोधतो. ते म्हणाले, मग ऱ्हाऊ द्या, आमाला दिसत्यात तीच लई हायेत.

लोकांना मूलभूत संशोधनाचं मोल नाही. तरी डॉक्टर म्हणाले, ते बरं वाटलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

वीज नाही. शेड. पौडहून जनावरांचे डॉक्टर लसीकरणाला आले होते. त्यांनी ढब्बीचं रक्त कशासाठी तरी काढलं, मी एक नळी मागून घेतली. मला परवानगी फुप्फुसांची आहे, रक्ताची नाही. पण रक्त त्यांनी काढलं. मी फक्त नळी खिशात ठेवली. यात कुठल्याही नियमाचा भंग होतो असं मला वाटत नाही, आणि म्हणूनच कोणाला विचारलं नाही.

ढब्बीचं पोट फार सुटलंय. पाणी असणार. फुप्फुसाच्या रोगात होतं तसं, मी कुठेतरी वाचलंय.

२२ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी १.२०

 ढब्बीचं रक्त पिवळं नाही, जर्द. रंग मोजायच्या मशीनने आकडाच दिला नाही, नुसतं OVER असं दाखवलं. दहापट पातळ केलं. OVER. शंभरपट केलं. तरी माझ्या सगळ्या डागाळलेल्या फुप्फुसांपेक्षा गडद. बिचारीच्या छातीत काय माजलं असेल!

अतुलला लगेच फोन केला. स्पष्टच सांगितलं की रोग शेवटच्या टप्प्यात आहे. तो म्हणाला, न्हाई वो सर, आत्ताच तर दोन घमेली चेपून झोपलीया. म्हटलं, हीच तर माझ्या टेस्टची खुबी, लक्षण दिसायच्या आधी कळतं. त्याने मोनिकाला हाक मारली, दोघं काहीतरी कुजबुजले. धक्का बसला असावा. मग म्हणाला, बरं सर. उद्या मेसची पिंपं येत्यात न्हवं?

२५ फेब्रुवारी, मंगळवार

शेडवर जाऊन आलो. ढब्बीला मागच्या खणात वेगळं ठेवलंय, खाली जाड पेंढा. माझा शब्द मानला! भरून आलं. पाच वर्षांत माझ्या शब्दावरून कोणी काही हलवलं नव्हतं.

मग जड मनाने सांगितलं की बाकीच्यांना लागण व्हायच्या आत तिला कापावं लागेल. फुप्फुसं अर्थातच माझी. मोनिका पेंढा पसरतच राहिली. अतुल म्हणाला, बगू सर, धुळवड होऊन जाऊ दे. मी तारीख ठरवून दिली, रविवार २३ मार्च. प्रेझेंटेशनच्या आधी पाच दिवस मिळतात. शेवटच्या स्लाइडवर ढब्बीचं फुप्फुस. अख्खी समिती उभी राहील.

फुप्फुसासाठी बर्फाची पेटी विकत घेतली. निळी.

१ मार्च, शनिवार

टेस्टला नाव हवं, माझंच. निरंजन निर्देशांक. दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. शेजारच्या खोलीतल्याने भिंत वाजवली.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. लॅब बंद. हैबतरावांच्या नातवंडांनी जिन्यातच गाठलं. काम शून्य, पण त्यात माझा दोष नाही.

१८ मार्च, मंगळवार

प्रेझेंटेशनची रंगीत तालीम. बावन्न स्लाइड्स. लॅबमधले सगळे हजर, मॅडम सोडून. ढब्बीच्या स्लाइडला मी आवाज खाली आणला. टाळ्यांच्या जागी आरोहीचा हात वर. सगळ्यांसमोर म्हणाली, दादा, पण कंट्रोल?

मोठ्या मनाने म्हटलं, तुला एवढा वेळ असेल तर तूच कर. चार खळगे दिले. तिने आठ घेतले.

२१ मार्च, शुक्रवार. दुपारी १२.३०

आरोहीची प्लेट. आठ खळगे. माझी अँटिबॉडी एकातही नाही.

आठही पिवळे.

म्हटलं, तुझ्या पिपेटच्या टोकाला माझी अँटिबॉडी लागली असणार. तिने नवीन टोकं घेऊन पुन्हा केलं.

२१ मार्च. दुपारी ३.४५

पिवळे. म्हटलं, पाणी खराब असेल. तिने पाणी बदललं होतं. म्हटलं, उकाडा. म्हटलं, प्लेटच सदोष. म्हटलं, तू जो काही सेंट लावतेस त्याचा परिणाम. ती म्हणाली, मी सेंट लावत नाही.

मग स्टूल ओढून शेजारी बसली आणि हळू आवाजात समजावायला लागली, आजारी माणसाला सांगतात तसं. म्हणे, डुकराच्या रक्तात त्याच्या स्वतःच्याच अँटिबॉडी ठासून भरलेल्या असतात. आपली सेकंडरी त्यांनाच धरतेय. तुमची अँटिबॉडी घाला, नका घालू, तिला फरक नाही. डागाळलेल्या फुप्फुसांत रक्त जास्त उतरलेलं असतं, म्हणून ती गडद. आणि ढब्बीचं तर नुसतं रक्तच होतं ना, दादा.

म्हटलं, ही शक्यता मी विचारात घेतली होती.

घेतली नव्हती. सहा आठवडे मी रक्तात रक्त आहे हे सिद्ध करत होतो. पाच रंगांत.

२२ मार्च, शनिवार. सकाळी १०

शांतपणे विचार करू. हे फक्त आरोहीला माहीत आहे. ती स्वतःहून बोलणारी नाही, ती फक्त विचारते. स्लाइड्स तयार आहेत. समितीत डुकरांचा जाणकार एकच, बाहेरून येणारे सर, आणि ते मागच्या वेळी झोपले होते. एकदा पास झालो की पुढे सवडीने दुरुस्त करता येईल. असं सगळेच करत असणार.

सकाळी ११.१५

बार्शी. झेरॉक्स. दोन्ही बाजूंनी काढायची का एका, असं विचारत उभा मी.

दुपारी १२

ढब्बी! उद्या रविवार!

दुपारी १२.४०

अतुलला चार वेळा फोन लावला. चारही वेळा रिंग जायच्या आत कापला. काय सांगणार? तुमची डुकरीण ठणठणीत आहे, आजार मला झालाय?

दुपारी २

मेसेज लिहिला. पुसला. लिहिला. त्यात टेस्टच्या मर्यादांविषयी एक परिच्छेद आला, तो चांगला जमला होता. पुसला.

दुपारी ४

एक विचार असा की कापलीच तर फुप्फुस हाती येईल आणि खरं काय ते शास्त्रीयदृष्ट्या कळेल. हे वाक्य मी लिहिलंय. खोडायला पेन उचललं होतं. खोडत नाही. राहू दे इथेच, मला दिसत राहील असं.

माझी मला किळस आली.

२३ मार्च, रविवार. पहाटे ५.०५

झोप नाही. अॅक्टिव्हा काढतो. अतुल डुक्कर कापतो ते सहा-साडेसहाला. बर्फाची पेटी घेतलेली नाही.

२३ मार्च. सकाळी १०.३०

माण ते चांदे, सगळा रस्ता मोठ्याने पाठ करत गेलो. अतुल, थांब. चूक माझी आहे. टेस्ट खोटी आहे. तिला काही झालेलं नाही. नांद्याच्या वळणावर दूधवाल्याने गाडी बाजूला घेतली.

शेडच्या दाराशी पोचलो तर सुरा नाही, पाण्याचा हंडा नाही, कोणी जागंही नाही. मागच्या खणाकडे पळालो. ढब्बी पेंढ्यावर आडवी. डोळे मिटलेले.  मग तिच्या पोटाशी काहीतरी वळवळलं.

नऊ पिल्लं. गुरुवारी झाली म्हणे. दोघांना आईसारखा पांढरा पट्टा.

तेवढ्यात मोनिका दात घासत आली, मागून अतुल. पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं, मर्यादांच्या परिच्छेदासकट. चूक माझी, टेस्ट खोटी, ढब्बी धडधाकट.  अतुलने खाली बघितलं. म्हणाला, आवं सर, ते आमाला ठाऊकच हाय की. मोनिका म्हणाली, डाक्टरांनी तवाच सांगितलं व्हतं गाभण हाय म्हून, त्याच्यासाटीच रगत काढलं. मागल्या खणात काय हवापालटाला ठिवली व्हती व्हय? तुमचं ऐकून गाभण डुकरीन कोन कापतंय, सर?

विचारलं, मग मला का नाही सांगितलंत? मोनिकाने अतुलकडे बघितलं. मग अतुलच म्हणाला, मेसची पिंपं तुमच्या हातात. म्हटलं तुमाला वाईट वाटाय नको.

चहा घेतला. मोनिकाने एक पिल्लू माझ्या हातात दिलं. गरम होतं, आणि हृदय फार जोरात चालत होतं. माझंही.

पाच वर्षं डुकरांवर काम. गाभण डुकरीण मला ओळखता आली नाही.

२४ मार्च, सोमवार

मॅडमच्या केबिनबाहेर सव्वा तास. मग आत जाऊन सगळं सांगितलं, ढब्बीच्या रक्ताच्या नळीसकट. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तसं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, तुझा आलेख मी समितीच्या फाईलमध्ये लावलेलाच नाही. विचारलं, आरोहीने सांगितलं? म्हणाल्या, नाही. तू कंट्रोल चालू आहे म्हणालास त्याच दिवशी बाजूला ठेवला. तू कधी येतोस ते बघत होते.

आणि परवानगीशिवाय घेतलेल्या नळीबद्दल अर्धा तास बोलल्या. एवढ्या बोलू शकतात हे माहीत नव्हतं. ते इथे लिहीत नाही.

२८ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ६

प्रेझेंटेशन झालं. नऊ स्लाइड्स. शेवटची आरोहीच्या आठ पिवळ्या खळग्यांची. निर्देशांक नाही.

निर्णय: शेवटची सहा महिन्यांची मुदत, फेलोशिपशिवाय. वेगळी सेकंडरी मागवायची आणि सगळं पहिल्यापासून. प्रत्येक प्लेट लावण्याआधी आरोहीची सही घ्यायची. तिने आजच एक छापील तक्ता करून दिला. कंट्रोलच्या ओळीला पिवळा हायलाइटर मारलाय; मुद्दाम नसावा.

बाहेरून आलेले सर या वेळी झोपले नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला. या चुकीच्या निकालामुळे एखाद्या शेतकऱ्याचं, जनावराचं, कोणाचं काही नुकसान झालं का? म्हटलं, नाही सर. ते म्हणाले, एवढ्या खात्रीने कसं सांगता? म्हटलं, कोणी विश्वासच ठेवला नव्हता.

आधी मागच्या बाकावर कोणीतरी हसलं, मग सगळेच. सर हसले नाहीत. त्यांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. मॅडमनीही मान डोलावली. आरोहीनेही. पाच वर्षांत मी केलेलं हे पहिलं विधान, ज्याचा पुरावा कोणी मागितला नाही.